पिसवा कुत्र्याच्या नसतात, जागेच्या असतात

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस आम्ही २६ दिवसांनी साताऱ्याच्या घराचे कुलूप उघडले, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि बाहेर पावसाची झड लागली होती. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही ठाण्याला गेलो होतो. आमचा गावठी कुत्रा वाघ्या तेवढे दिवस दिरांच्या मळ्यावर होता आणि मनी मांजर शेजारच्या वहिनींच्या भरवशावर मागच्या पडवीत राहिली होती, म्हणजे घराच्या आत इतके दिवस ना माणूस होते, ना जनावर. मधल्या खोलीत पाऊल टाकून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात घोट्यापाशी बारीक टाचण्या टोचल्यासारखे झाले. दिवा लागला आणि माझ्या फिकट पिवळ्या सलवारीवर पार गुडघ्यापर्यंत तिळाएवढे काळपट-तांबूस ठिपके दिसले. ते ठिपके हलत होते.

परातीत पाणी घेऊन त्यात भांड्यांचा साबण कालवला आणि ओल्या बोटाने एकेक पिसू टिपून तिच्यात बुडवली. नुसत्या माझ्या कपड्यांवरच्या पिसवा ३१ भरल्या. ह्यांच्या पायांवर तर रात्रीपर्यंत गांधी उठल्या. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत राहिला, की ज्यांचे अन्नच रक्त आहे असे हे किडे महिनाभर बंद असलेल्या घरात जगले कशावर, आणि आम्ही येताच एका क्षणात सगळ्या बाजूंनी धावून आले कसे?

सासूबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. त्या ८२ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे सगळे आयुष्य शेणाने सारवलेल्या घरात, गोठ्याच्या शेजारी गेलेले आहे. त्या म्हणाल्या, "अगं, पिसवा कुत्र्याच्या नसतात, जागेच्या असतात. कुत्रा नुसता त्यांचं जेवणाचं ताट." त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटले. पुढच्या अडीच महिन्यांत पशुवैद्यांनी समजावलेले, स्वतः वाचलेले आणि घरात भिंग घेऊन पाहिलेले सगळे जमेस धरल्यावर माझी खात्री झाली, की त्या एका वाक्यात निम्मे शास्त्र आलेले आहे. ते मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही सुरुवातीला जी चूक केली तीच कुत्रे-मांजर पाळणारी बहुतेक घरे करताना मला दिसतात.

चूक अशी, की जूनपासून वाघ्या शेपटीच्या मुळाशी दातांनी कराकरा चावत होता, मागच्या पायाने कान खाजवत होता, आणि आम्ही दर रविवारी त्याला औषधी शाम्पूने आंघोळ घालून निर्धास्त होत होतो. आंघोळीनंतर फणीत मेलेल्या पिसवा निघत, दोन दिवस बरे जात आणि बुधवारपासून खाजवणे पुन्हा सुरू होई. आम्ही शाम्पू बदलला, मग दुसरा बदलला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातलाच तो प्रकार होता. आमची 'म्हैस' होती मधल्या खोलीतल्या जिन्याखाली, जिथे गोणपाटावर जुनी गोधडी टाकून वाघ्याची झोपायची जागा केलेली होती.

कुत्र्या-मांजरांच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची असते. शास्त्रज्ञ तिला टेनोसेफॅलायडिस फेलिस म्हणतात. नावाने ती मांजराची, पण कुत्र्यावरही ती तितक्याच सुखाने राहते, आणि आपल्याकडच्या कुत्र्या-शेळ्यांवर तिचीच एक अगदी जवळची बहीण मोठ्या संख्येने आढळते. पिसूला पंख नसतात. तिचे अंग ढेकणासारखे वरून चपटे नसून दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे असते, आणि अंगावरचे ताठ केस मागच्या दिशेला वळलेले असतात. त्यामुळे कुत्र्याच्या दाट केसांतून ती पुढे सरसर जाते आणि मागे ओढली तर अडकून बसते. बोटाच्या चिमटीत पकडलेली पिसू निसटते ती याच बांध्यामुळे. एकदा का तिला जनावर मिळाले की ती ते सोडायला तयार नसते. या कुत्र्यावरून त्या कुत्र्यावर ती सतत उड्या मारत फिरते असा आपला समज आहे, पण प्रौढ पिसू मिळालेल्या यजमानाच्या अंगावरच उरलेले आयुष्य काढू पाहते.

अंगावर येताच ती काही मिनिटांत रक्त प्यायला लागते, पहिल्या दिवसाच्या आतबाहेर नराशी मिलन होते, आणि पहिले रक्त प्यायल्यापासून २४ ते ३६ तासांत मादी अंडी घालू लागते. रक्त मिळाल्याशिवाय तिच्या पोटात अंडी तयार होत नाहीत. मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ पट रक्त पिते. एवढे रक्त तिला पचवायचे नसतेच, आणि त्यातले पुष्कळसे अर्धवट पचलेल्या स्थितीतच विष्ठेवाटे बाहेर पडते. हे तिचे अधाशीपण नाही, तर पुढच्या पिढीच्या शिधापाण्याची सोय आहे, हे मला फार नंतर कळले. भरात असलेली मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. सरासरी २५ धरली आणि वाघ्याच्या अंगावर अवघ्या १० माद्या धरल्या, तरी दिवसाला २५० आणि महिन्याला ७,५०० अंडी होतात. जूनमध्ये फणीतून निघणाऱ्या पिसवा पाहून आम्ही 'दहा-बाराच तर आहेत' असे म्हणत होतो, तेव्हा हा हिशेब आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हता.

ती अंडी कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत, आणि सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. उवेची लीख केसाला चिकटलेली असते, म्हणून डोक्यातल्या उवांचा बंदोबस्त डोक्यावरच होतो. पिसूचे अंडे मात्र गुळगुळीत, पांढरे, लांबट आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते. ते केसांतून काही तासांत घरंगळते आणि कुत्रा ज्या जागी बसेल, झोपेल, अंग झाडेल त्या जागी सांडते. सगळ्यांत जास्त अंडी अर्थातच जिथे तो सगळ्यांत जास्त वेळ पडून राहतो तिथे पडतात. एखाद्या घरातल्या पिसवांची सगळी लोकसंख्या मोजली, तर त्यात साधारण निम्मी अंडी, ३५ टक्के अळ्या, १० टक्के कोष आणि जेमतेम ५ टक्के प्रौढ पिसवा असतात, असे पशुवैद्य ढोबळ मानाने सांगतात. आमचा शाम्पू त्या ५ टक्क्यांवर चालत होता आणि उरलेल्या ९५ टक्क्यांना जिन्याखाली कोणाचाही उपद्रव नव्हता.

अंड्याबरोबर कुत्र्याच्या अंगावरून आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे मिरपुडीसारखी दिसणारी काळी भुकटी. आम्ही तिला महिनाभर माती समजत होतो. पशुवैद्यांनी मला एक साधी परीक्षा शिकवली, ती ज्यांच्या घरात जनावर आहे त्या प्रत्येकाने करून पाहावी. वाघ्याच्या शेपटीच्या मुळाशी लिखा काढायची बारीक फणी फिरवायची, फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकायची आणि दोन मिनिटे थांबायचे. मी तसे केले आणि प्रत्येक काळ्या कणाभोवती हळूहळू विटकरी रंगाचे वर्तुळ पसरत गेले. माती असती तर ती मातीच राहिली असती. ते वाळलेले रक्त होते, वाघ्याचे. पिसवांची विष्ठा ती हीच, आणि जमिनीवर पडलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांचे मुख्य अन्नही हेच. आईने कुत्र्याच्या अंगावर बसून रक्त प्यायचे आणि त्याचा वाळवलेला चुरा खाली मुलांच्या पानात पडायचा, अशी ही व्यवस्था आहे. अळ्या स्वतः कधीच कोणाला चावत नाहीत.

हवामानाप्रमाणे अंडे एक ते दहा दिवसांत फुटते. त्यातून निघणारी अळी पांढुरकी, बिनपायाची आणि केसाळ असते. सुरुवातीला ती दीड-दोन मिलिमीटरची असते आणि वाढून पाचेक मिलिमीटरपर्यंत जाते. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती नेहमी अंधाराकडे आणि खालच्या दिशेला जाते. गालिच्याच्या मुळाशी, गादीखाली, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत किंवा फरशीच्या भेगांत तिचा मुक्काम असतो. आमच्या मधल्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे आणि दोन फरश्यांमधले सिमेंट जागोजागी निघून गेलेले आहे. जिन्याखालची गोधडी उचलल्यावर मी तिथल्या एका भेगेत हेअरपिन घालून आतला गाळ कागदावर काढला आणि नातवाच्या जुन्या खेळण्यातल्या भिंगाखाली धरला. धूळ, कुत्र्याचे केस, ती काळी भुकटी, आणि त्यात तीन अळ्या वळवळत होत्या. त्यांची कातडी इतकी पारदर्शक होती, की खाल्लेल्या रक्ताचा तांबडा-काळा धागा त्यांच्या पोटातून आरपार गेलेला दिसत होता. विजेरीचा प्रकाश पडताच त्या कागदाच्या घडीत शिरू लागल्या. एका वीतभर भेगेत तीन निघाल्या, आणि तशा भेगा त्या खोलीत किती आहेत हे मी तेव्हा मोजत बसले नाही.

या अळीचा मोठा शत्रू कोरडेपणा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते, आणि कडक उन्हात तर तिचा काही वेळही निभाव लागत नाही. आर्द्रता ७०-८० टक्के आणि तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असले की तिची चांगली भरभराट होते. देशावरच्या आमच्या गावांतला जून ते सप्टेंबरचा काळ म्हणजे नेमके हेच. मे महिन्यात जे अळ्यांचे पीक जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात कसेबसे तग धरून होते, ते मृगाच्या पावसाबरोबर सगळ्या खोलीभर पसरले. कोकणात आणि गोव्यात तर हवा जवळजवळ वर्षभर दमट, त्यामुळे तिकडच्या लोकांना या उपद्रवापासून उन्हाळ्यातही फारशी सुटका मिळत नाही.

आठ-दहा दिवस खाऊन-वाढून झाले की अळी तोंडातून रेशमासारखा चिकट धागा काढून स्वतःभोवती कोष विणते. हा कोष ओलसर-चिकट असल्यामुळे त्याला भोवतालची धूळ, वाळू, कापसाचे तंतू असे सगळे चिकटते आणि तो केराच्या बारीक गोळीसारखा दिसू लागतो. आमच्या गोणपाटाच्या विणीत असे कोष अडकलेले होते. दाखवल्याशिवाय ते माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण झाडून काढताना कितीदा तरी मी त्यांना कचराच समजले असेन. आत आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ण वाढ झालेली पिसू तयार होते, आणि इथून पुढे जे घडते त्यातच माझ्या त्या संध्याकाळच्या प्रश्नाचे उत्तर होते. तयार झालेली पिसू कोषातून लगेच बाहेर येतेच असे नाही. बाहेर जनावर नसेल तर बाहेर येणे म्हणजे तिच्यासाठी उपासमार, कारण रक्त न मिळालेली पिसू आठवडा-दोन आठवड्यांत मरते. कोषाच्या आत मात्र ती हालचाल न करता, अगदी थोड्या शक्तीवर, चार-पाच महिनेसुद्धा तग धरू शकते. ती वाट पाहते ती खुणांची. जमिनीची थरथर, अंगाचा दाब, उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड या खुणा मिळाल्या, की ती काही सेकंदांत कोष फोडून बाहेर येते आणि उडी घेते. आमचे घर २६ दिवस निपचित होते. त्या काळात अळ्यांचे कोष झाले, कोषांत पिसवा तयार झाल्या आणि दाराचे कुलूप निघून जमिनीवर पावले वाजेपर्यंत तशाच थांबून राहिल्या. नव्या पिसूची उडी जेमतेम वीतभर उंचीची, म्हणून तिचे चावे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच असतात.

सासूबाईंना पिसवांविषयी जी भीती वाटत होती तिचे मूळ मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली आणि पुढची कित्येक वर्षे ती आमच्या भागात येत-जात राहिली. 'उंदीर पडू लागले' की गाव ओस टाकून माळावर झोपड्या बांधायच्या आणि साथ ओसरल्यावर परत येऊन, घरात गोवऱ्यांचा धूर करून, सगळे सारवून मगच चूल पेटवायची, हे त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे प्रयोगाने दाखवले, पण त्यांच्यावर विश्वास बसायला बरीच वर्षे गेली. उंदीर मेले की जागा सोडायची, हे गावांतल्या लोकांनी मात्र आपल्या अनुभवातून आधीच जाणले होते. ती पिसू वेगळ्या जातीची, उंदरांवर राहणारी, आणि प्लेग पसरवण्याच्या कामी कुत्र्या-मांजरांची पिसू तिच्या पासंगालाही पुरत नाही, हे मी सासूबाईंना दोन-तीनदा सांगितले तेव्हा त्यांच्या जिवाला जरा स्वस्थता आली.

म्हणून ही पिसू निरुपद्रवी असे मात्र नव्हे. लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा बेसुमार झाल्या तर रक्त कमी होऊन ते पिल्लू दगावू शकते. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी असते आणि मग एक-दोन चाव्यांनीही कंबरेपासून शेपटीपर्यंतचे केस झडून कातडी लाल होते. आमच्या बाबतीत आणखी एक धागा जुळला. जूनमध्ये वाघ्याच्या गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसत होते आणि आम्ही त्याला जंतांचे औषध दिले होते. महिन्याने ते पुन्हा दिसले. पशुवैद्यांनी सांगितले, की हा चपट्या जंताचा प्रकार आहे आणि त्याचा प्रवास पिसूच्या पोटातून होतो. जंताची अंडी जमिनीवर पडतात, पिसूची अळी ती खाते, अळीची पिसू होते, आणि अंगाला खाज सुटली म्हणून कुत्रा दातांनी चावताना ती पिसू गिळून बसतो. पिसवा हटल्याशिवाय जंताचे औषध कितीही वेळा दिले तरी तो पुन्हा होणारच. रांगत्या मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही हा जंत होऊ शकतो, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण मुलगी बाळाला घेऊन दिवाळीत येणार होती आणि मोठा नातू अजून हाताला लागेल ते तोंडात घालण्याच्या वयाचा आहे. आमच्या हातात साधारण ११ आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी जो-तो आम्हाला एकच सल्ला देत होता, की कुत्र्याला मळ्यावरच राहू द्या, घरात घेऊ नका. मलाही ते पटत होते. पशुवैद्य मात्र म्हणाले, की वाघ्याला आणा, त्याला औषध द्या आणि त्याला नेहमीसारखा घरात वावरू द्या. त्यांचे म्हणणे असे, की कोषात बसलेल्या पिसूपर्यंत कोणतेही औषध नीट पोचत नाही. ती बाहेर आली तरच मरेल, आणि ती बाहेर येईल ती जनावराच्या चाहुलीने. घरात वावरणाऱ्या औषध दिलेल्या कुत्र्यावर ती उडी मारेल, रक्त प्यायला लागेल आणि अंडी घालायच्या आत मरेल. कुत्रा बाहेर ठेवला तर त्या पिसवा एक तर कोषातच महिनोन् महिने बसतील, नाही तर तुमच्यावर येतील. मला हा विचार पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटला, पण आज मला तो सगळ्या उपायांतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाघ्याला वजनाप्रमाणे महिन्याला एक गोळी सुरू झाली आणि मनीला मानेवर सोडायचे मांजरांसाठीचे वेगळे थेंब, दोघांनाही एकाच दिवशी. घरातल्या एका जनावराला औषध देऊन दुसऱ्याला वगळले तर वगळलेले जनावर अंडी पेरत राहते.

इथे मांजरे पाळणाऱ्यांना हात जोडून सांगावेसे वाटते, की कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही आणि त्याला झटके येऊन जीव जाऊ शकतो. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्यांची पूड हे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाणारे उपायही विषारीच आहेत, आणि अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या मांजराच्या पोटात ते सरळ जातात. कुत्र्याला लसूण चारल्याने पिसवा पळतात असेही कोणीतरी आम्हाला सांगितले होते. पिसवा पळत नाहीत, उलट लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना अपाय होतो.

जागेचे काम आम्ही त्याच आठवड्यात सुरू केले. गोणपाट अंगणात जाळले. गोधड्या, उशांचे अभ्रे, वाघ्याचा पट्टा, सोफ्यावरची आच्छादने असे सगळे चांगल्या कढत पाण्यात भिजवून धुतले, आणि पुढे दर शनिवारी धूत राहिलो. कोरड्या केरसुणीने अंडी आणि भुकटी उडून दुसऱ्या कोपऱ्यात जाते, म्हणून व्हॅक्युम क्लीनर वापरला. भेगा, पलंगाखाली, कपाटामागे, जिन्याच्या पायऱ्यांचे कोन असे सगळे रोज आणि सावकाश झाडले, आणि आतली पिशवी लगेच घराबाहेर नेऊन बांधून टाकली. व्हॅक्युमची थरथर कोषांना जागे करते, हाही त्याचा फायदाच आहे. मग फरशीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. अंगणातला उन्हाचा भाग आम्ही सोडून दिला, कारण तिथे अळी जगत नाही. पडवीतल्या सरपणाच्या ढिगाखालची, गल्लीतली मांजरे जिथे येऊन बसत ती सावलीची ओलसर जागा मात्र मोकळी करून खरवडून काढली.

फवारणीही केली. तीत मोठ्या पिसवांना मारणारे एक आणि अळीची वाढच रोखून धरणारे एक, अशी दोन औषधे होती. हे दुसरे औषध कीटकांच्या शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते, त्यामुळे अंडी फुटत नाहीत किंवा अळीची पुढे पिसू होत नाही, आणि बंद घरात ते कित्येक आठवडे टिकते. माझ्या मते फवारणी करायचीच असेल तर हे औषध त्यात आहे ना, एवढे विचारून घ्यावे. पाळीव जनावरांना आणि लहान मुलांना फरशी पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि घरात मासे असतील तर टाकी झाकून तिची हवेची मोटर बंद ठेवावी.

मोजमाप असल्याशिवाय धीर राहत नाही, म्हणून मी दर रविवारी दिवेलागणीला ह्यांचे पांढरे लांब मोजे घालून मधल्या खोलीत दहा मिनिटे फिरायचे आणि मोज्यांवर आलेल्या पिसवा मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचा, असा नेम केला. फवारणीनंतरच्या पहिल्या रविवारी १७ आल्या. दुसऱ्या रविवारी २१. त्या दिवशी घरात चांगलीच वादावादी झाली, औषध बनावट आहे इथपर्यंत मजल गेली, आणि दुसरे एखादे जालीम औषध आणावे असे ह्यांनी ठरवूनच टाकले होते. मी पशुवैद्यांना दूरध्वनी केला. ते शांतपणे म्हणाले, "हे कोषातले पीक आहे, महिनाभर तरी येत राहील. वाघ्याच्या अंगावर जिवंत पिसू दिसली तर घाबरू नका. ती कालची आहे, आठवड्यापूर्वीची नाही, एवढे लक्षात ठेवा." बहुतेक घरे हाय खातात ती इथेच. तिसऱ्या आठवड्यात औषध बदलले जाते, किंवा निराश होऊन सगळेच सोडून दिले जाते, आणि उरलेल्या मूठभर कोषांतून चक्र पुन्हा सुरू होते. वाघ्याची गोळी आम्ही चुकवली नाही. ऑगस्टच्या चौथ्या रविवारी आकडा ९ वर आला. गौरी आल्या त्या दिवशी तो ६ होता, आणि पंगत मधल्या खोलीऐवजी पडवीत बसवावी लागली. सप्टेंबरच्या मध्यावर २. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एकच. नंतरच्या दोन्ही रविवारी मोजे स्वच्छ होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुलगी आणि बाळ आले. मधल्या खोलीत, बुजवलेल्या भेगांच्या त्याच फरशीवर सासूबाईंनी उन्हात खडखडीत वाळवलेली गोधडी घातली. पुढचे आठ दिवस रोज रात्री बाळाचे पाय मांडीवर घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत त्या दिव्याखाली निरखून पाहत. गोळ्या आम्ही डिसेंबरपर्यंत चालू ठेवल्या, आणि यंदा वळवाच्या सरी पडू लागताच, मृग लागण्याची वाट न पाहता, पुन्हा सुरू केल्या.

परवा पहिला पाऊस झाल्यावर वाघ्या अंगणात लोळून आला आणि शेपटीच्या मुळाशी दोनदा चावला. माझ्या काळजात चर्र झाले. लिखांची फणी घेतली, त्याला गुडघ्यांमध्ये धरले आणि सगळ्या पाठीवरून ती दाबून फिरवली. फणीत बरेच काळे कण आले. ते ओल्या कापसावर झटकले, कापूस खिडकीत ठेवला आणि शेजारी उभी राहिले. सासूबाईही येऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटे गेली, पाच गेली. कण विरघळून थोडे पसरले, पण त्यांच्याभोवती लाली आली नाही. ती अंगणातली माती होती.